अलिबाग मुळात किती जुनं? आणि तो अली कोण?

निळी छत्री

नमस्कार मंडळी. मुक्काम ठाणे. चिरंजीव सातवीत आहेत. शाळेने ‘आवडत्या गावाचा भूगोल आणि जुना इतिहास’ असा प्रकल्प दिलाय आणि त्याने अलिबाग निवडलंय. कारण विचारलं तर गेल्या मे महिन्यात तिथे तीन दिवसांत अकरा शहाळी प्यायला म्हणून. सध्या एवढंच संशोधन हाताशी आहे.

घरात विचारावं तर प्रत्येकाचं निराळंच. सासरे म्हणतात, अलिबाग दोन हजार वर्षांचं, ग्रीकांनी लिहून ठेवलंय. भाऊ म्हणतो, छे, कान्होजी आंग्र्यांनी वसवलं, त्याआधी तिथे कावळासुद्धा नव्हता. शेजारच्या काकूंच्या मते अली नावाचा कुणी पीर होता. मला तिन्ही पटत नाहीत आणि तिन्ही खोडता येत नाहीत.

शिवाय त्याचे स्वतःचे प्रश्न आहेतच. समोर मुंबई दिसते, मग गाडीने शंभर किलोमीटर का पडतात? रेल्वे का नाही? कुलाबा किल्ला समुद्रातच का बांधला? होळीनंतरच्या रविवारी आम्ही पुन्हा जातोय, या वेळी किल्ल्यात चालत जायचंच असा त्याचा हट्ट आहे. मे महिन्यात गेलो तेव्हा पाणी होतं आणि आम्ही भेळ खाऊन परत आलो. ओहोटी नेमकी कधी असते हे आधी कसं कळतं? उतरणार आहोत तिथे फोन केला तर म्हणाले, ‘या तर खरं, आल्यावर बघू.’

जाणकारांनी सांगावं. थोडक्यात नसलं तरी चालेल, प्रकल्पाला वीस पानं भरायची आहेत.


पेणचा पाहुणा

सोपं आहे. अली हा श्रीमंत मुसलमान होता. त्याने बागा लावल्या, विहिरी खणल्या. अलीची बाग ते अलिबाग. विषय संपला.

किल्ल्यात गेलात तर उत्तरेच्या तटावर कान्होजींच्या दोन तोफा आहेत, चाकांच्या गाड्यांसकट. पोराला त्यावर हात ठेवून फोटो काढायला सांगा. प्रकल्पाचं मुखपृष्ठ तयार.

अवांतर: प्रकल्पात ‘अलीबाग से आया है क्या’चा उल्लेख टाळा. त्यावर बंदी घाला म्हणून एक गृहस्थ २०१९ मध्ये मुंबई हायकोर्टापर्यंत गेले होते. कोर्टाने याचिका फेटाळली. आम्हा पेणकरांना मात्र मनातून बरं वाटलं.


रहाटगाडगं

पाहुणे, विषय एवढ्यात संपत नाही हो. अली बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातला ज्यू होता. माझं माहेर नागाव. आमच्या लहानपणी गावातली म्हातारी माणसं ‘शनवार तेली’ म्हणायची ना, ते हे लोक. घाण्यावर तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद. त्यांच्यात सांगतात की नौगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटलं, त्यातून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, त्यांची ही पिलावळ. आडनावं बघा, किहीमकर, नागावकर, पेणकर. होय पाहुणे, पेणकरसुद्धा! अलिबागेत इस्रायल आळी आहे, तिथे १८४८ सालचं त्यांचं सिनेगॉग आहे. बहुतेक घरं इस्रायलला गेली, पण तिकडे जाऊनही मायबोली नावाचं मराठी नियतकालिक चालवलं त्यांनी. म्हणजे माणसं आपलीच.

अली त्यांच्यातलाच, असं माझी आजी सांगायची. आणि आजीला वाडीतल्या प्रत्येक माडाची वंशावळ ठाऊक होती, त्यामुळे माझा तिच्यावर विश्वास आहे.


शंकूसाखळी

वर दोघांचं वाचलं. मी भूकरमापक, म्हणजे सरकारी जमीनमोजणीवाला होतो. एकतीस वर्षं नोकरी, त्यातली एकोणीस अलिबाग तालुक्यात. लोकांच्या बांधांची भांडणं मोजण्यात हयात गेली. म्हणून सवय अशी लागली की गावाचा इतिहास नावापासून धरायचा नाही, जमिनीपासून धरायचा. नाव काय, कुणीही ठेवतं. जमीन खोटं बोलत नाही (कब्जेदार बोलतात).

मुलाला कोरा कागद आणि पेन्सिल देऊन बसवा. उत्तरेला आणि पूर्वेला धरमतरची खाडी काढायला सांगा, ती अंबा नदीबरोबर आत नागोठण्याच्या दिशेने जाते. दक्षिणेला रेवदंड्याची खाडी, म्हणजे कुंडलिकेचं तोंड. पश्चिमेला समुद्र. मध्ये जो तुकडा उरला तो अलिबाग तालुका. आग्नेयेला नागोठणे-रोह्याच्या अंगाला तेवढी त्याची नाळ देशाला जोडलेली आहे, बाकी सगळीकडून पाणी. बेट नाही, पण बेटासारखं वागणारं. धरमतर या नावातच ‘तर’ आहे बघा, म्हणजे होडीने पलीकडे जायची जागा. आता पूल आहे, पण आमच्या वडिलांच्या तोंडी ‘तरीपलीकडे’ हा शब्द शेवटपर्यंत होता. पूल झाला तरी ते तरीपलीकडेच जायचे.

म्हणून शंभर किलोमीटर. पाण्यातून मांडवा तासाभराच्या आत, आणि गाडीने जायचं तर पनवेल, पेण, वडखळ करत सगळ्या खाडीला वळसा घालायचा, पोयनाडवरून कार्लेखिंड चढायची आणि उतरायची. मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोट गाडीसकट मांडव्याला आणते. तेव्हापासून शनिवारी संध्याकाळी चोंढीच्या नाक्यावर कोण उभं असतं हे विचारू नका. रेल्वेचंही उत्तर यातच आहे. कोकण रेल्वे रोह्यावरून सरळ खाली गेली, या कोपऱ्यात वळायचं तिला काही कारण नव्हतं.

आता आडवा छेद. समुद्राकडून डोंगराकडे साखळी धरून चाललात तर आधी पुळण लागते. वाळूचा लांबट उंचवटा, जुन्या लाटांनीच टाकलेला. त्याच्यावर आणि लगेच मागे वाडी. वाडी म्हणजे नारळ, सुपारी, मध्ये केळी, जायफळाची एखाददोन झाडं. वाडीच्या कडेने रस्ता आणि घरं. घरांच्या मागे जमीन चार-पाच फूट खाली उतरते, तिथे भातखाचरं. खाडीचा फाटा आत शिरतो तिथे खारी जमीन. मग एकदम डोंगर उभा, कनकेश्वर आणि सागरगड. डोंगराच्या पलीकडे पोयनाड-शहापूरकडे खारेपाट. तिथली शेती समुद्राकडून उसनी आणलेली आहे. बाहेरकाठा, म्हणजे मातीचा बांध, फुटला की एका उधाणात खारं पाणी खाचरात, आणि मग काही वर्षं भात विसरा. मी अशा खाचरांची मोजणी केलीय जिथे हद्दीचा दगड कांदळवनात उभा होता आणि कागदावर ‘भात’ लिहिलं होतं.

या छेदात अलीचं उत्तर आहे. पुळणीच्या वाळूत पावसाचं पाणी मुरतं आणि खाली गेलेल्या खाऱ्या पाण्यावर थर धरून राहतं, कारण गोडं पाणी हलकं. दहा-पंधरा फुटांवर विहीर लागते आणि पाणी पिण्यालायक असतं. समुद्राच्या आवाजात बसून गोडं पाणी! पण हावरटपणा केला, पंप टाकून रात्रंदिवस उपसलं, की खालचं खारं वर येतं. जुन्या लोकांचा रहाट बैलाच्या गतीने चालायचा. बैल दमायचा, तेवढ्यात विहीर सावरायची. हे पाणी ओळखून जो पहिल्यांदा इथे विहिरी पाडेल आणि बागा लावेल त्याचं नाव जागेला चिकटणारच. १८८३च्या इंग्रजी कुलाबा गॅझेटिअरात अली श्रीमंत मुसलमान, बेने इस्राएल मंडळींच्या सांगण्यात तो त्यांचा. धर्मावर दोघांचं जमत नाही, विहिरी आणि बागांवर मात्र जमतं. मला तेवढं पुरे.

सासरेबुवांना सांगा, ग्रीक आले होते, पण ते चौलला. अलिबागहून दक्षिणेला पंधरा-सोळा किलोमीटर. टॉलेमीने लिहिलेलं सिमुल्ला ते चौल. अरब त्याला सैमूर म्हणत, मसूदी दहाव्या शतकात तिथे येऊन गेला. १४६९च्या सुमाराला रशियन व्यापारी अफनासी निकितिन घोडा घेऊन चौलला उतरला. १५०८ला त्याच्या तोंडाशी पोर्तुगीजांची इजिप्त-गुजरातच्या आरमाराशी लढाई झाली आणि पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा तिथे मेला. एवढं सगळं घडत होतं तेव्हा आजच्या अलिबागेत काय असेल? रामनाथसारखी छोटी वस्ती, वाडी, मासे वाळत घातलेले. शहर नाही.

का नाही? कोकणात जुनं बंदर शोधायचं तर नदीचं तोंड शोधायचं, डोळे मिटून. चौल कुंडलिकेवर, दाभोळ वाशिष्ठीवर, जयगड शास्त्रीवर. गलबताला आत शिरायला खाडी हवी, घाटावरून माल उतरायला नदीची वाट हवी. अलिबागला दोन्ही नाही. साखरेची खाडी आहे, पण ती कोळ्यांच्या होड्यांपुरती. म्हणजे बंदर म्हणून ही जागा नापास.

मग गाव झालं कसं? समोरच्या खडकामुळे. किनाऱ्यापासून दीडेक किलोमीटरवर पाण्यात कातळ आहे, भरतीत सुटा होतो आणि ओहोटीत जमिनीला लागतो. १६७९ला महाराजांनी खांदेरी घेतलं, इंग्रज आणि सिद्दी दोघांच्या पोटात गोळा आला. पाठोपाठ १६८०च्या मार्चमध्ये या कातळावर कुलाब्याचं काम सुरू झालं. एप्रिलमध्ये महाराज गेले. संभाजीराजांनी पुढच्या वर्षी ते पुरं केलं. तटाचे दगड बघा, प्रचंड चिरे एकावर एक ठेवलेले, मध्ये चुना नाही. लाट आदळली की पाणी फटीत शिरतं, जोर मोडतो आणि निथळून परत जातं. चुन्याने लिंपलेली भिंत असती तर लाटेने तिच्याशी भांडण काढलं असतं. या भिंतीशी भांडायला काही नाही. माझ्या धंद्यात इतके बांध पाहिले, असा शहाणा बांध दुसरा नाही.

पण किल्ल्यात गाव मावत नाही. १७१३ला बाळाजी विश्वनाथांनी कान्होजींशी तह केला, कुलाबा त्यांच्याकडे राहिला आणि तो आंग्र्यांची गादी झाला. गादी म्हटली की कारकून आले, सुतार आले, दोर वळणारे, गलबतं दुरुस्त करणारे, सावकार, भटजी. ही माणसं राहणार कुठे? समोरच्या काठावर, अलीच्या विहिरींपाशी, कारण प्यायचं पाणी तिथे. १७२०ला कान्होजींनी काठावर हिराकोट बांधला, खजिना ठेवायला. आंग्र्यांचा चांदीचा रुपया निघाला, त्याला लोक अलिबागी रुपया म्हणत. भाऊ आणि सासरे, दोघांनाही अर्धे-अर्धे गुण द्या. परिसर दोन हजार वर्षांचा, शहर तीनशेचं.

थोडक्यात, कोकणातली बाकीची गावं नदीला पाठ लावून बसलीत, अलिबाग एका खडकाकडे तोंड करून बसलंय.

पुढचं भराभर सांगतो. १७२१च्या डिसेंबरात इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन कुलाब्यावर चालून आले आणि मार खाऊन गेले. १७२९ला कान्होजी वारले, समाधी गावातच आहे, मुलाला दाखवा. १७५९ला राघोजींनी किल्ल्यात सिद्धिविनायकाचं देऊळ बांधलं. पुढे घरातलीच भांडणं. १८४०ला वारस नाही म्हणून कंपनी सरकारने संस्थान खालसा केलं. १८४२ला किल्ल्यातल्या वाड्यांचं लाकूड लिलावात काढलं. इतिहासाचं लाकूड कुणाच्या माळ्याला लागलं असेल, देव जाणे. १८६४ला नगरपालिका, १८६९ला कुलाबा जिल्हा, त्याचं १९८१ला रायगड झालं. आंग्र्यांची राजधानी होती म्हणून इंग्रजांनी कचेरी इथे ठेवली, कचेरी होती म्हणून आजचं कलेक्टर ऑफिस इथे. हिराकोटात खजिना होता, तिथे तुरुंग झाला.

तोफांबद्दल पेणच्या पाहुण्यांनी जे लिहिलंय त्यावर मी काही बोलत नाही. तोफेवर अक्षरं आहेत. मुलाला वाचता येतात, वाचू दे.


रहाटगाडगं

शंकूसाखळी काका, दंडवत! रहाटाचं अगदी खरं. आमच्या वाडीत रहाटाचा आवाज थांबला आणि पंपाचा सुरू झाला, त्यानंतर पाच-सात वर्षांत विहिरीच्या पाण्यात डाळ शिजेनाशी झाली. आई म्हणायची, डाळीलाच रुसवा आलाय.

निळी छत्री, मुलाला आक्षीचा शिलालेख मात्र दाखवाच. अलिबागहून नागावला जाताना मधलं गाव आक्षी. शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२, असं त्यावरचं साल वाचतात. सालाबद्दल विद्वानांत थोडी ओढाताण आहे, पण मराठीतल्या अगदी जुन्या लेखांत तो मोजतात. वर चंद्र-सूर्य कोरलेत. शिलाहारांच्या केसीदेवराय राजाला त्यात ‘पश्चिम समुद्राधिपती’ म्हटलंय. एवढ्या मोठ्या समुद्राच्या धन्याने पुढे काय नोंदवलंय, तर महालक्ष्मीच्या बोडणासाठी, म्हणजे देवीच्या पूजाविधीसाठी, नऊ कुवली धान्य. मला ते फार आवडतं.

आम्ही शाळेत जायचो तेव्हा तो दगड रस्त्याच्या कडेला उघड्यावर उभा होता. मी आणि माझी मैत्रीण त्याला टेकून चिंचा खायचो. मराठीच्या हजार वर्षांना टेकलोय हे कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी चिंचा खाल्ल्याच असत्या म्हणा.


निळी छत्री

अरे बापरे, वीस पानं कमी पडणार. काका, मनापासून आभार. मुलगा छेद काढायला बसलाय, फक्त डोंगरावर त्याने रोपवे काढलाय.

ओहोटीचं राहिलं. मोबाइलवर बघावं का?


शंकूसाखळी

मोबाइलवर बघा, पण हिशोबही शिकवा. तिथीला पाऊणपटीने गुणायचं, म्हणजे भरतीची वेळ येते. किनाऱ्यावरच्या प्रत्येक कोळिणीला हे पाठ असतं. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ साधारण सहाला भरती. त्यानंतर सव्वासहा तासांनी सुकती, म्हणजे ओहोटी. शुद्ध असो वा वद्य, हिशोब तोच, अमावास्येनंतर आणि पौर्णिमेनंतर एकपासून मोजायचं. वेळ थोडी इकडेतिकडे होते, समुद्र काही शाळेची घंटा ऐकून चालत नाही.

तुमचा रविवार म्हणजे फाल्गुन वद्य तृतीया. तीनाचे पाऊणपट सव्वादोन. पहाटे सव्वादोनला भरती, साडेआठला पूर्ण सुकती. पौर्णिमा नुकतीच झालेली, म्हणजे उधाणाचे दिवस, पाणी लांब जाईल, वाळू उघडी पडेल. सातला चालायला लागा, साडेनऊला परत फिरा. अष्टमी-नवमीला सुकती भर दुपारी येते, आणि पर्यटक त्याच दिवशी फसतात. ते भांगाचे दिवस, पाणी ना धड येत ना धड जात. मध्ये गुडघाभर उरतंच. मग घोडागाडी.

साडेनऊ का म्हणतोय, त्याला कारण आहे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, संकष्टीला, मी आणि आमचा साखळी धरणारा गडी असे दोघं किल्ल्यात गणपतीला गेलो. चतुर्थी, म्हणजे तीनला भरती, सव्वानऊला सुकती. हिशोब तोंडपाठ होता. दर्शन झालं, पुष्करणीच्या काठावर बसलो, आणि त्या गड्याने त्याच्या सासऱ्याच्या जमिनीची केस सांगायला घेतली. केस चांगली होती. तीन भाऊ, एक विहीर, आणि विहिरीचा सातबारा चौथ्याच्याच नावावर! उठलो तेव्हा साडेअकरा. महादरवाजात आलो तर मधली वाट गेलेली. पाणी काही भयंकर दिसत नव्हतं, पोटरीएवढं वाटत होतं. गडी म्हणाला, साहेब, चला. मी पाऊल टाकलंही. दहा पावलांवर मांडीपर्यंत आलं आणि पायाखालची वाळू बाजूने सरकायला लागली. भरती समोरून येते असं आपल्याला वाटतं. इथे ती किल्ल्याच्या दोन्ही अंगांनी वळसा घालून येते आणि मध्ये तुमच्या पायाशी भेटते. मागे फिरलो.

संध्याकाळी साडेसातपर्यंत किल्ल्यात. उपास असल्यामुळे जेवणाचा प्रश्न नव्हता, हे त्यातल्या त्यात बरं. त्या आठ तासांत मी किल्ला पावलांनी मोजून काढला. दुसरं करणार काय? मुख्य किल्ला दक्षिणोत्तर नऊशे फूट भरतो, रुंदीला साडेतीनशे. उत्तरेला छोटा सर्जेकोट वेगळा. काळोखात गुडघाभर पाण्यातून परत आलो आणि काठावर उभं राहून चंद्राची वाट बघितली. दुसऱ्या दिवशी कचेरीत रजेच्या अर्जावर कारण काय लिहू, तर ‘भरती’ लिहिलं. साहेबांना वाटलं नोकरभरती.

जाता जाता आणखी एक. किनाऱ्याकडे जाताना चुंबकीय वेधशाळा लागते, तिच्यावर एक पान होऊन जाऊ दे. मुंबईत कुलाब्याला वेधशाळा होती, तिथे १८४१पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापं घेत. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं, आणि विजेचे प्रवाह म्हणजे सुईला उचकी. म्हणून १९०४ला अलिबागेत नवी वेधशाळा काढली. जुनी आणि नवी दोन्ही काही काळ बरोबर चालवल्या, आकड्यांचा सांधा जुळावा म्हणून. नुसती पुढाऱ्यासारखी खुर्ची बदलली नाही. इमारतीला पोरबंदरचा दगड, लोखंड वर्ज्य. मी एकदा आत गेलो होतो, कमरेचा पट्टा आणि किल्ल्यांचा जुडगा बाहेर ठेवायला लावला. आयुष्यभर होकायंत्र वापरलेल्या माणसाला तो मान वाटला. जगात इतक्या जुन्या सलग नोंदी फार थोड्या ठिकाणी आहेत.

आणि गंमत बघा, वेधशाळा मुंबईच्या कुलाब्यातून हलली आणि आली कुठे, तर कुलाबा जिल्ह्यात.


पेणचा पाहुणा

काका, माहितीपूर्ण. तोफांचं मात्र तुम्ही उगाच गूढ करताय. आंग्र्यांच्या किल्ल्यातली तोफ आंग्र्यांची नाही तर काय माझ्या आजोबांची?


निळी छत्री

मंडळी, काल रात्री परत आलो. येताना वडखळला अडीच तास, ते जाऊ दे.

साडेसहाला किनाऱ्यावर होतो. हिशोब तंतोतंत. सातला किल्ल्यापर्यंत ओली वाळू आणि मधून मधून डबकी, त्यात बोटाएवढे खेकडे. मुलाने चप्पल हातात घेतली आणि पाऊणपट, पाऊणपट करत चालत होता. मध्ये एक घोडागाडीवाला मागे लागला, ‘वहिनी, बसा, पाणी येईल.’ तर हा त्याला म्हणतो, ‘आज तृतीया आहे, साडेआठच्या आधी येणार नाही.’ घोडागाडीवाला गप्पच झाला. मग त्याने विचारलं, ‘कुठल्या कोळीवाड्यातला रे तू?’ ठाण्याचा म्हटल्यावर विश्वास बसेना.

तटाच्या फटीत त्याने हात घालून पाहिला, मनगटापर्यंत गेला. चुना नाही. पुष्करणी पाहिली. तुम्ही बसला होतात ती पायरी कोणती ते काही कळलं नाही.

मग तोफा. दोन्ही चाकांवर उभ्या आहेत. अक्षरं इंग्रजी, गंजात बुजलेली, पण बोट फिरवून लागतात. लो मूर, यॉर्कशायर, इंग्लंड, आणि खाली साल १८४९. मुलगा पाच मिनिटं काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘आई, काकांनी १८४०ला राज्य गेलं असं लिहिलंय ना? म्हणजे ही तोफ आली तेव्हा आंग्रे नव्हतेच. मग ही कुणावर रोखलेली होती?’

मला उत्तर आलं नाही. प्रकल्पात त्याने तो प्रश्न तसाच ठेवलाय, शेवटच्या पानावर, तोफेच्या चित्राखाली. आक्षीला गेलो, शिलालेख पाहिला, त्याने चंद्र-सूर्य वहीत उतरवले. सासऱ्यांना चौलची गोष्ट सांगितली तर म्हणाले, ‘मी तेच म्हणत होतो.’ येताना पांढऱ्या कांद्याच्या दोन माळा घेतल्या, एक शेजारच्या काकूंना. पिराचं काही बोलले नाही.


रहाटगाडगं

कांदा टोपलीत ठेवू नका, माळ वाऱ्यावर टांगा. आणि चिरलात तर पाणी घालून धुऊ नका, गोडवा जातो.


शंकूसाखळी

गेल्या आठ तासांत चारदा वाचलं. १८४९ शोधून काढल्याबद्दल मुलाला माझ्याकडून एक साखळी. खरी, लोखंडी, शंभर कड्यांची, माळ्यावर पडून आहे. वेधशाळेत नेऊ नये.


पेणचा पाहुणा

बरं, तोफा इंग्रजांच्या. मान्य. चुकलो.

पण अली मुसलमानच होता.